बंद टीव्ही, फुगलेली बॅटरी आणि जिन्याखालची अडगळ: या चुका टाळा

सांगलीत बहुतेक घरांत जिन्याखाली एक खोकं असतंच. बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स, दोन-तीन चार्जर, मिक्सरची जळालेली मोटर, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला रिमोट. पहिली चूक तिथेच होते, कारण जागाच चुकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. गाळात भिजलेला सर्किट बोर्ड गंजतो आणि त्यातून कामाचा पार्ट क्वचितच सुटतो. हे सामान वरच्या मजल्यावर, कोरड्या जागी ठेवा. पत्र्याखालचा माळा मात्र नको. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे बॅटऱ्या भाजून निघतात.

बॅटरीच्या बाबतीत आपण फारच बेफिकीर असतो. जुना फोन कपाटात पडून राहतो, बॅटरी पार उतरते, मग एक दिवस मागचं झाकण उचललेलं दिसतं. टम्म फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि 'अजून चालतोय का बघू' म्हणून चार्जिंगला तर अजिबात लावू नका. आतल्या वायूने ती फुगलेली असते आणि पापुद्रे एकमेकांना टेकले की पेट घेते. ती सहज निघत नसेल तर सुरीने उपटायच्या भानगडीत न पडता अख्खा फोनच कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा, गादी-कपड्यांपासून लांब, आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. चांगल्या स्थितीतला फोन ठेवून द्यायचा असेल तर निम्म्या चार्जिंगवर बंद करून ठेवावा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी ठेवू नका, ॲसिड गटारात ओतू नका. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो.

पुरात भिजलेली वस्तू 'चालू होते का' म्हणून लगेच प्लगला लावणं ही आणखी एक हमखास चूक. बाहेरून वाळलेली दिसली तरी आत गाळ असतो. भिजलेली लिथियम बॅटरी तर काही दिवसांनीही पेटू शकते, तेव्हा ती घराबाहेरच ठेवा.

तांब्यासाठी वायरी जाळणारे अजून आहेत. प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिन हे विषारी रसायन निघतं, आणि गंमत म्हणजे जळकं तांबं काळं पडतं, त्याला भावही कमी मिळतो. सोललेल्या तांब्याला जास्त मिळतो. म्हणजे धूर खाऊन वर तोटाच. जुन्या डबा टीव्हीचंही तेच. मागची तांब्याची गुंडाळी काढायला पडद्याची काचेची नळी फोडतात. काचेत किलोच्या हिशेबात शिसं असतं, ते उकिरड्यावर जातं. टीव्ही अख्खाच द्या.

कुणाला द्यायचा? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुना माल नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी विचारा, लगेच भंगाराच्या हातगाडीवर टाकू नका.

फोन देताना लोक डेटा पुसतात, पण खातं काढत नाहीत. आधी गुगल किंवा ॲपलचं खातं लॉगआऊट करा, मग रिसेट मारा. लॉक राहिलेला चांगला फोनही पुन्हा कुणाच्या हातात जाऊ शकत नाही, त्याचे फक्त सुटे भाग होतात. सिम आणि मेमरी कार्डही काढून घ्या.