एन्ड्युरन्स रायडिंगला किती खर्च येतो?

एन्ड्युरन्स रायडिंग म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला गाठायची स्पर्धा. नवीन माणूस आधी तिच्या प्रवेश फीची चौकशी करतो. फी हा यातला सगळ्यात किरकोळ खर्च आहे. 40 किलोमीटरच्या एका राइडसाठी घोडा वर्षभर पोसावा लागतो, आणि आमच्या अलिबागकडे पावसाचे चार महिने रपेट जवळपास बंद. खाणं मात्र चालूच. म्हणून हिशेब बारा महिन्यांचा मांडा.

चंदी-वैरणीपासून सुरुवात करू. माझी काठेवाडी घोडी साधारण 380 किलोची. तिला दिवसाला सात-आठ किलो कोरडी वैरण लागते. भाताचा पेंढा इथे दारात मिळतो, पण त्यात कस नाही. कामाचा घोडा त्यावर टिकत नाही. कडबा आणि लसूणघास घाटावरून येतो आणि गाडीभाडं चांगलंच लागतं. तीन-चार घोडेवाल्यांनी मिळून मेमध्येच ट्रक भरून आणावा आणि जमिनीपासून उंच फळ्यांवर रचावा. ओल लागलेली, बुरशी धरलेली वैरण स्वस्त वाटली तरी घालू नका. पोटशूळ उठला की डॉक्टरचं बिल सगळी बचत खाऊन टाकतं, आणि जनावर हातचं जातं ते वेगळंच. वर जव, भिजवलेला हरभरा, मीठ. माझ्याकडे हे सगळं महिना दहा हजारांच्या आसपास जातं. मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाचा, पगार याहून जास्त, आणि चांगल्या मोतद्दाराला तो द्यायलाच हवा.

नालबंद पाच-सहा आठवड्यांनी लागतोच. तो लांबून येतो, म्हणून नागाव, चौल, रेवदंडा इथले घोडे एकाच दिवशी जमवून त्याचा प्रवासखर्च वाटून घ्या. दिवस पुढे ढकलू नका. पावसात खुरं कुजतात. रोज खरवडून साफ करणं आणि उभं राहायला कोरडी जागा देणं, याला पैसे कमी आणि मेहनत जास्त लागते.

बचत करायची ती सामानात. खोगीर जुनं चालेल, पण पाठीवर बसलं पाहिजे. तासभर दुडकी चालवून खोगीर उतरवा: घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय, ते खोगीर घेऊ नका. लगाम सिंथेटिक घ्या. खाऱ्या हवेत आणि पावसात चामड्याला बुरशी येते. हेल्मेट मात्र नवीनच.

आणि एक स्टेथोस्कोप. माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोलाची खरेदी हीच. व्हेट गेटला, म्हणजे स्पर्धेतल्या डॉक्टरी तपासणीच्या थांब्यावर, ठरलेल्या वेळेत घोड्याच्या हृदयाचे ठोके उतरावे लागतात. आंतरराष्ट्रीय नियमात ही मर्यादा मिनिटाला 64 आहे. डाव्या कोपराच्या मागे लावा, पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. सोळा आले तर 64. रोजच्या रपेटीनंतर आकडा वहीत लिहा. आमच्या दमट हवेत घाम वाळत नाही, ठोके उतरायला वेळ लागतो. अंगावर पाणी ओतून लगेच निथळून काढायचं, पुन्हा ओतायचं. ही सवय घरीच लागली पाहिजे.

स्पर्धा बहुतेक घाटापलीकडे. बोरघाट चढताना घोडा गाडीत तोल सांभाळत उभा असतो, थकतो. म्हणून निदान एक दिवस आधी पोचा. गाडी, ड्रायव्हर, मोतद्दार आणि आणखी एक मदतनीस, मुक्काम, घोड्याचं पाणी-वैरण, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आणि दाखला: प्रत्येक राइडला हे सगळं धरा. इतकं करून पहिल्याच गेटला डॉक्टरने लंगडं पाऊल पाहून थांबवलं तर पैसे परत मिळत नाहीत. त्याच्याशी वाद घालू नका, तो घोड्याच्या बाजूने बोलतोय.

घोडा विकत घ्यायची घाई नको. पहिलं वर्ष कुणाच्या तरी घोड्यावर, अर्धा खर्च वाटून काढा. मात्र कागदावर लिहून घ्या: घोडा लंगडला तर औषधपाणी कुणाचं, पावसाळ्यातल्या चंदीचा वाटा किती, आणि आठवड्यातले कुठले दिवस घोडा तुमचा. पावसाळ्याचा वाटा बरेच जण बोलण्यातून वगळतात, तो आधी ठरवा.