मिनीव्हॅनचे मागचे शॉकअप घरी कसे बदलावेत

माणसं आणि सामान भरलेली व्हॅन गतिरोधकावरून उतरली की तिचा मागचा भाग एकदा दबून लगेच स्थिर व्हायला हवा. तो पुन्हा पुन्हा हिंदकळत असेल, मागच्या टायरवर हात फिरवल्यावर मध्येच उंच, मध्येच खोल लागत असेल आणि शॉकअपच्या नळीवरून तेल ओघळलेलं दिसत असेल, तर शॉकअप संपले आहेत. नळीच्या वरच्या टोकाला नुसती तेलकट धूळ असेल तर घाई नको. गाडी मागून कायमची बसली असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा असतो, कारण वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम तिची उसळी आवरणं.

सुटे भाग घेण्याआधी चाकाच्या मागे डोकावून पाहा. स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असेल, तर हे काम घरी होण्यासारखं आहे. स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असेल, तर ती दाबून धरायला खास साधन लागतं. ती निसटली तर जीवघेणी इजा होऊ शकते, तेव्हा ते काम गॅरेजलाच द्या. काही व्हॅनना मागून उंची आपोआप राखणारे शॉकअप असतात आणि त्यांच्या स्प्रिंगा मुद्दाम मऊ दिलेल्या असतात. तिथे साधे शॉकअप घातले तर गाडी मागून बसेल. शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल, तर खड्ड्यात दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात.

दोन जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांना अटकण, सॉकेट आणि रिंग पाने, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना), तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारा स्प्रे एवढं जमवा. आदल्या रात्री बोल्टांचे आटे ब्रशने घासून स्प्रे मारून ठेवा. हे टाळलं तर दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ त्या बोल्टांशी झगडण्यातच जातो.

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर लावा. ती चाकांवर उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे ती उचलली की त्याचा आधार उरत नाही. चाकाचे नट थोडे ढिले करा, मग गाडी उचला आणि बॉडीखाली मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन्ही स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. काढलेली चाकं बॉडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दुसरा जॅक एक्सलच्या (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या भागाच्या) भक्कम भागाखाली, शॉकअपच्या खालच्या बोल्टाजवळ लावा आणि एक्सल जरासा वर येईल इतकाच उचला. बऱ्याच व्हॅनमध्ये एक्सलला खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो. आधार न देता बोल्ट काढला तर एक्सल धाडकन खाली जातो, ब्रेकचा रबरी पाइप आणि चाकाच्या सेन्सरची वायर ताणली जाते आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा.

खालचा नट काढला तरी बोल्ट हलत नसेल, तर हातोडा उचलण्याआधी जॅक अगदी किंचित वर-खाली करून पाहा. बोल्टावरचा ताण गेला की तो बरेचदा हातानेही सरकतो. गंजलेला नट आधी थोडा घट्ट करून मग सोडवावा, म्हणजे आटे वाचतात. वरचं टोक काही गाड्यांत चाकाच्या कमानीत असतं, काहींत डिकीच्या आतल्या प्लास्टिकच्या पॅनेलमागे. तिथे नट फिरवताना शॉकअपचा दांडा सोबत फिरतो, तो वरच्या टोकाला ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) धरा. दांड्याच्या चकचकीत भागाला पक्कड मुळीच लावू नका. तिथला एक ओरखडा सील कापतो. रबर आणि वॉशरचा क्रम सुटा करण्याआधीच फोटोत टिपून ठेवा.

नवा शॉकअप जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि बुश (टोकाच्या छिद्रातलं रबरी अस्तर) जुळतात का पाहा. मग तो उभा धरून सावकाश चार-पाच वेळा दाबा आणि सोडा, म्हणजे आतली हवा निघून जाते. गॅस भरलेल्या शॉकअपला पट्टी बांधलेली असते. वरचं टोक बसवल्यावर ती कापा. दांडा जोराने बाहेर येतो, बोटं दूर ठेवा. खालचं छिद्र जुळवायला जॅक हलका फिरवा आणि बोल्ट आधी हातानेच लावा.

खालच्या बोल्टाचा शेवटचा आवळ हवेत लटकलेल्या एक्सलवर देऊ नका. तसं केलं तर गाडी खाली आल्यावर आतला रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मघाशी मोजलेलं अंतर येईपर्यंत एक्सल जॅकने उचला आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मध्येच बॉडी स्टँडवरून सुटू लागली तर तिथेच थांबा. अशा वेळी चाकं लावून, मागची चाकं रॅम्पवर चढवून आणि पुढच्या चाकांना अटकण लावून आवळणं बरं. स्वतः अडकून राहणारे नट जुने पुन्हा वापरू नका.

दुसरी बाजूही अशीच करा. चाकांचे नट समोरासमोर, आलटून पालटून आवळा आणि शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर द्या. सावकाश एक फेरी मारा. मागून टकटक ऐकू आली तर आधी वरचा नट तपासा. काही दिवस गाडी चालवल्यावर सगळे नट एकदा पुन्हा पाहा.

जुने शॉकअप कापू नका किंवा तापवू नका. आत दाबाखालचा गॅस आणि तेल असतं. भंगारात देताना तसं सांगून द्या.