वॉलेट रिस्टोअर केलं आणि शिल्लक शून्य? या चुका टाळा

सीडचे (वॉलेट परत मिळवून देणारे) बारा गुप्त शब्द बरोबर टाकले, तरी नव्या फोनवरचं बिटकॉइन वॉलेट शून्य दाखवतंय. अशा वेळी माणूस एक तर पैसे चोरीला गेले असं धरून चालतो, नाहीतर टेलिग्रामवर 'सपोर्ट' शोधत सुटतो. तिथे कुणी सीड मागितली आणि तुम्ही दिली, की चोरी खरोखरच होते.

त्याआधी जुन्या व्यवहारांतून तुमचा पैसे घेण्याचा पत्ता शोधा आणि तो एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाकून बघा. पैसे तिथेच पडून दिसले तर ते सुरक्षित आहेत, वॉलेट भलतीकडे शोधतंय एवढंच. तिथून पैसे पुढे गेलेले दिसले तरी लगेच हाय खाऊ नका. तुम्हीच कधीतरी खर्च केला असेल, तर उरलेली रक्कम 'चेंज'च्या वेगळ्या पत्त्यावर गेलेली असते. तोही तुमचाच.

गॅप लिमिटकडे दुर्लक्ष

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. एका सीडमधून अब्जावधी पत्ते निघू शकतात. वॉलेट ते सगळे तपासत बसलं तर जन्म जाईल. म्हणून २०१४ च्या बीआयपी ४४ या बिटकॉइन सुधारणेच्या प्रस्तावात एक मर्यादा, म्हणजेच गॅप लिमिट, घालून दिली आहे: पत्ते क्रमाने तपासत जायचे आणि सलग २० पत्त्यांवर एकही व्यवहार सापडला नाही की थांबायचं. इथे इतिहास बघितला जातो, शिल्लक नाही. पैसे येऊन खर्च झालेला पत्ताही 'वापरलेला'च धरतात.

आता समजा, तुमचं ऑनलाइन दुकान आहे आणि सर्व्हर एक्सपब (पत्ते तयार करणारी, पण पैसे खर्च करू न शकणारी सार्वजनिक किल्ली) वापरून प्रत्येक ऑर्डरला नवा पत्ता देतो. पंचवीस गिऱ्हाइकांनी ऑर्डर अर्धवट सोडली, सव्विसाव्याने पैसे भरले. ब्लॉकचेनवर ते पोचले, पण तुमचं वॉलेट विसाव्या रिकाम्या पत्त्यालाच थांबलेलं असतं. 'नवा पत्ता' हे बटण उगाच दाबत राहणाऱ्यांचंही असंच होऊ शकतं, म्हणून बरीच वॉलेट मर्यादेजवळ पोचल्यावर इशारा देतात.

उपाय साधा आहे: मर्यादा वाढवा. स्पॅरो या वॉलेट अ‍ॅपमध्ये ती वॉलेटच्या सेटिंग्जमध्ये प्रगत पर्यायांत सापडते, इलेक्ट्रम या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये कन्सोलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) बदलता येते. १०० किंवा २०० करून पुन्हा सिंक करा. मधल्याच एखाद्या पत्त्यावर किरकोळ रक्कम पाठवून दरी बुजवायची युक्तीही काही जण सांगतात. चालते ती, पण फुकटची फी जाते, मला तरी ती पटत नाही.

एक मेख मात्र आहे. वाढवलेली मर्यादा सीडमध्ये साठत नाही. उद्या दुसऱ्या वॉलेटमध्ये तीच सीड टाकली की पुन्हा २० पासूनच सुरुवात. सीडच्या कागदावर हा आकडा लिहून ठेवा.

पत्त्याचा प्रकार चुकणं

जुना पत्ता '१' ने सुरू व्हायचा की '३' ने, की 'बीसी१क्यू' ने? हे अनुक्रमे बीआयपी ४४, ४९ आणि ८४ चे मार्ग, म्हणजे सीडमधून पत्ते काढायच्या पद्धती. टॅपरूट या नव्या प्रकारचे 'बीसी१पी' वाले पत्ते बीआयपी ८६ चे. सीड तीच असली तरी मार्ग बदलला की पत्त्यांची पूर्ण वेगळी रांग तयार होते. नवं वॉलेट ८४ वर शोधत असेल आणि पैसे ४९ वर असतील, तर गॅप लिमिट हजार करूनही काही हाती लागणार नाही. इलेक्ट्रममध्ये बीआयपी ३९ ची (बहुतेक वॉलेट वापरतात त्या प्रमाणातली) सीड टाकताना आधीची खाती आपोआप शोधण्याचं बटण असतं, ते वापरा. इलेक्ट्रमची स्वतःची सीड मात्र बीआयपी ३९ ची नसते. शब्द ओळखीचे वाटले तरी दुसरी वॉलेट ती सहसा नाकारतात, तेव्हा ती इलेक्ट्रममध्येच उघडा.

एकाच सीडमध्ये अनेक खाती, म्हणजे पत्त्यांचे वेगळे गट, असू शकतात. त्यांचंही तसंच. पहिलं खातं कोरं ठेवून थेट दुसऱ्यात पैसे घेतले असतील, तर पहिल्यावर काहीच न सापडल्याने शोध तिथेच थांबू शकतो. दुसरं खातं हाताने जोडावं लागतं.

पासफ्रेज

पासफ्रेज म्हणजे सीडच्या जोडीला तुम्ही स्वतः ठेवलेला जादा गुप्त शब्द. इथे 'चुकीचा पासवर्ड' असा संदेश येतच नाही. एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी नवं, वैध आणि रिकामं वॉलेट उघडतं.

जुना पत्ता बाद झाला असं समजणं

वॉलेट दर वेळी नवा पत्ता दाखवतं ते गोपनीयतेसाठी. तुमच्या सीडमधून निघालेल्या जुन्या पत्त्यावर आलेले पैसेही तुम्हालाच मिळतात. एक्सचेंजने दिलेल्या पत्त्याची किल्ली मात्र एक्सचेंजकडे असते, तिथे त्यांचे नियम चालतात.

तारीख चुकणं

बिटकॉइन कोअर (स्वतःच्या संगणकावर ब्लॉकचेन तपासणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्यांनी डिस्क्रिप्टर (वॉलेटच्या पत्त्यांचं वर्णन) आयात करताना वेळ 'आत्ता'ची दिली, तर जुने ब्लॉक तपासलेच जात नाहीत. वॉलेट तयार झालं त्याच्या थोडं आधीची तारीख द्या किंवा नंतर रीस्कॅनची (जुने ब्लॉक पुन्हा तपासण्याची) आज्ञा चालवा. नोड (तुमचं हे चालू सॉफ्टवेअर) प्रून केलेला असेल, म्हणजे जागा वाचवायला जुने ब्लॉक पुसलेले असतील, तर पुसलेले ब्लॉक पुन्हा उतरवल्याशिवाय रीस्कॅन त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही. मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टो चलनातही रिस्टोअर हाइट (ज्या ब्लॉकपासून शोध सुरू होतो त्याचा क्रमांक) प्रत्यक्षापेक्षा पुढची टाकली की त्याआधी आलेले पैसे दिसत नाहीत. आकडा मागे घेऊन पुन्हा स्कॅन करा. वेळ लागेल, मध्येच बंद करून 'होत नाही' म्हणू नका.