टेक्स्चरसाठी काढलेल्या फोटोतला उजेड सारखा कसा करावा

फोटो म्हणून देखणी दिसणारी भिंत टेक्स्चर म्हणून, म्हणजे त्रिमितीय मॉडेलवर चढवायचं चित्र म्हणून, बहुतेक वेळा फसते. समजा, ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोकणातलं घर उभं करताय आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा एकच फोटो भिंतभर पुन्हा पुन्हा लावलाय. फोटोचा डावा कोपरा थोडा उजळ असेल तर तोच उजळपणा ठरावीक अंतराने परत येतो आणि भिंतीवर पट्टे उमटतात. म्हणून फोटोतला उजेड काढून टाकायचा आणि दगडाचा रंग तेवढा ठेवायचा. इथे गिम्प हे मोफत मिळणारं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरलंय, २.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या.

निम्मं काम फोटो काढतानाच होतं. ढगाळ दिवस निवडा, फ्लॅश बंद ठेवा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा. भिंतीसमोर सरळ उभे राहा आणि शक्य तितकं मागे जाऊन झूम करा, कारण वाइड लेन्सने कोपरे काळवंडतात. भिंतीवर माडाच्या झावळीची सावली पडली असेल तर तो फोटो सरळ सोडून द्या. पुढची पद्धत हळूहळू बदलत जाणाऱ्या उजेडासाठी आहे. धारदार सावलीच्या कडेला ती पांढुरकी झालर सोडते.

१. सरळ करा, कापा. चिऱ्यांचे थर तिरके असतील तर पर्स्पेक्टिव्ह टूलची दिशा ‘करेक्टिव्ह’ ठेवून सरळ करा. मग क्रॉप. चिऱ्यांचे सांधे एकाआड एक थरात सरकलेले असतात, त्यामुळे उंचीत थरांची संख्या सम हवी: चार किंवा सहा. पाच थर घेतलेत तर वरच्या आणि खालच्या कडेचे सांधे कधीच जुळणार नाहीत.

२. प्रिसिजन वाढवा. इमेज मेनूत प्रिसिजनखाली (रंगाचे आकडे किती बारकाईने साठवायचे ते) ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट निवडा. ही पायरी गाळली तर चौथ्या पायरीत उजळ भाग फुटून नुसते पांढरे होऊ शकतात.

३. धूसर प्रत. लेयर (एकावर एक ठेवता येणारं चित्राचं पान) डुप्लिकेट करा आणि वरच्या प्रतीला गॉशियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर द्या. साइज किती, यावरच सगळं अवलंबून आहे. माझा अंदाज साधा आहे: एका चिऱ्याच्या रुंदीइतकी. २०४८ पिक्सेलच्या फोटोत आडवे पाच चिरे असतील तर साधारण ४०० पिक्सेल. स्लायडर तिथवर जात नसेल तर आकडा टाइप करा. साइज फार कमी ठेवलीत तर उजेडाबरोबर चिऱ्यांचे रंगही सपाट होतात. एक चिरा तांबूस, शेजारचा पिवळसर, हा जांभ्याचा खरा थाट जातो. ब्लरच्या खिडकीत ॲबिस पॉलिसी (चित्राच्या कडेबाहेर काय धरायचं ते) ‘क्लॅम्प’ ठेवा, म्हणजे कडा बिघडत नाहीत.

आता कलर पिकरने या धूसर लेयरवरून, जिथे उजेड तुम्हाला योग्य वाटतो तिथला रंग उचला. तो लगेच लागणार आहे.

४. भागा, मग गुणा. धूसर लेयरचा मोड (खालच्या लेयरशी मिसळायची पद्धत) ‘डिव्हाइड’ करा. चित्र पांढरंफटक होईल, घाबरू नका. सगळ्यात वर नवा लेयर घ्या, उचललेला रंग त्यात भरा आणि मोड ‘मल्टिप्लाय’ करा. भिंत परत येते, सारख्या उजेडात.

धूसर प्रतीचे रंग उलटे करून निम्म्या ओपॅसिटीने वर ठेवायची युक्ती बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. ती बेरीज-वजाबाकी आहे. उजेड मात्र पृष्ठभागाच्या रंगाला गुणतो. सावलीत रंग गडद होतो, तसा कॉन्ट्रास्टही त्याच प्रमाणात घटतो. वजाबाकीने सावलीचा भाग उजळतो, पण मळकट राहतो. भागाकाराने त्याचा कॉन्ट्रास्टही परत येतो. शिवाय लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगळे भागले जात असल्यामुळे सावलीतली आकाशाची निळसर झाकही निघते.

५. खरा डाग वाचवा. संगणकाला सावली आणि शेवाळ यांतला फरक कळत नाही. पावसाळ्यानंतर भिंतीचा खालचा भाग काळपट-हिरवा असतो. तो या पद्धतीत पुसट होतो. लेयर मेनूतून ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ करा, नव्या लेयरला पांढरा मास्क (काळा रंगवला तिथे लेयर लपवणारा पडदा) द्या, मधले दोन लेयर लपवा आणि शेवाळ हवं तिथे मऊ काळ्या ब्रशने मास्क रंगवा. अर्थात खालच्या कडेला शेवाळ आणि वरच्या कडेला कोरडा चिरा असं चित्र उभ्या दिशेने जुळणार नाही. टाइल करायचं, म्हणजे तेच चित्र शेजारी-शेजारी पुन्हा लावायचं असेल तर शेवाळ जाऊ द्या आणि ब्लेंडरमध्ये वेगळं चढवा.

६. तपासा. इमेज फ्लॅटन करा, मग लेयर, ट्रान्सफॉर्म, ऑफसेट असं जाऊन रुंदी आणि उंची निम्म्याने सरकवा. कडा आता मधोमध येतात. जोड दिसतो तिथे क्लोन किंवा हील टूल (दुसरीकडचा भाग उचलून वर रंगवणारं) फिरवा. मग एका प्रतीवर फिल्टर्समधलं मॅपखालचं ‘स्मॉल टाइल्स’ चालवा आणि झूम आउट करून पाहा. पट्टे दिसले तर ब्लरची साइज थोडी कमी करून तिसऱ्या पायरीपासून पुन्हा करा. पट्टे नसून एखादं ठसठशीत भोक जागोजागी डोळ्यात भरत असेल तर ब्लरशी खेळू नका, तेवढं भोक क्लोन करून बुजवा.

फोटोशॉप असेल तर जवळचा रस्ता: मूळ लेयरच्या दोन प्रती करा. खालच्या प्रतीला ब्लरमधलं ‘ॲव्हरेज’, वरच्या प्रतीला ‘हाय पास’ (हळूहळू बदलणारा उजेड काढून बारकावे ठेवणारा फिल्टर), मोड ‘लिनियर लाइट’, ओपॅसिटी ५० टक्के. ही वजाबाकीच आहे, पण ढगाळ दिवशीच्या फोटोला पुरते.