होस्टिंग घेताना बाहेर पडण्याची वाट आधी पाहावी

माझा मावसभाऊ गोव्यात म्हार्दोळला काजूगर विकतो. त्याच्या दुकानाची वेबसाइट ज्याने करून दिली, त्याने डोमेनही, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर नोंदवले होते. मुदत संपल्याच्या सूचना त्या ईमेलवर जात राहिल्या आणि चवथीच्या मागण्या सुरू होण्याच्या सुमारास साइट बंद पडली. पत्ता परत मिळालाच नाही. जुना पत्ता छापलेली पाकिटे घरात रचून ठेवली होती. घरची माणसे रोज रात्री बसून त्यांवर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावत होती. तेव्हापासून मला कोणी होस्टिंगबद्दल, म्हणजे साइट ज्या संगणकावर (सर्व्हरवर) राहते तिथल्या भाड्याच्या जागेबद्दल विचारले, तर मी आधी डोमेनबद्दल बोलतो.

डोमेन आपल्या नावावर, आपल्या कायम वापरातल्या ईमेलवर आणि आपल्याच मोबाइल क्रमांकावर नोंदवावे. साइट दुसऱ्याकडून करून घेतली, तरी नोंदणीचे खाते आपल्या हातात असावे. शक्य असेल तर डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवावे, म्हणजे होस्टिंगवाल्याशी बिनसले तरी नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणारे संगणक) बदलून साइट दुसरीकडे नेता येते. पहिल्या वर्षी होस्टिंगबरोबर डोमेन फुकट मिळत असेल, तर दुसऱ्या वर्षापासून त्याचे किती पैसे पडतील आणि ते दुसरीकडे नेताना काही अट आहे का, हे आधी वाचावे.

दराचेही तसेच आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा पहिल्या मुदतीचा दर, तोही तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरल्यास लागू होणारा. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असू शकतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणून तुलना करायची ती नूतनीकरणाच्या दराची. अनोळखी कंपनीकडे पहिल्यांदा एकाच वर्षाचे पैसे भरावेत. थोडे महाग पडले तरी चालेल.

नव्या ब्लॉगला किंवा चार-सहा पानांच्या व्यावसायिक साइटला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, पुरते. व्हीपीएसमध्ये (आभासी खाजगी सर्व्हरमध्ये) सर्व्हरचा काही भाग आपल्यासाठी राखलेला असतो, पण तो व्यवस्थापित नसेल, म्हणजे कंपनी त्याची देखभाल करत नसेल, तर सुरक्षेचे अपडेट आपल्यालाच करावे लागतात, आणि दुकान सांभाळणाऱ्या माणसाने ते ओझे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अमर्याद जागा’ या शब्दांवर मात्र विसंबू नये. अटींमध्ये फायलींच्या संख्येची, प्रोसेसरची आणि मेमरीची मर्यादा लिहिलेली असते. चवथीच्या किंवा नाताळच्या आठवड्यात एकदम गर्दी झाली की साइट अडते ती याच मर्यादांवर.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारावे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा गोव्यापासून साधारण 13,000 किलोमीटर, म्हणजे नुसत्या एका जाण्यायेण्यातच किमान 130 मिलिसेकंद जातात, आणि एक पान उघडायला अशा अनेक खेपा लागतात. मुंबईच्या सर्व्हरला तोच वेळ काही मिलिसेकंदांचा असतो. आपले वाचक पेडणे ते काणकोण एवढ्याच टापूत असतील, तर मुंबई उत्तम. आखातात किंवा इंग्लंडमध्ये असलेले गोवेकरही ग्राहक असतील, तर सोबत सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती वाचकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, घ्यावी.

99.9 टक्के अपटाइमची (साइट चालू राहण्याच्या वेळेची) हमी म्हणजे 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटे साइट बंद राहण्याची मुभा. आकड्यापेक्षा मदतकक्षाची परीक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते. पैसे भरण्यापूर्वी रविवारी रात्री एक नेमका प्रश्न पाठवावा, उदाहरणार्थ, ‘पीएचपीच्या कोणत्या आवृत्त्या आहेत आणि आवृत्ती मला स्वतः बदलता येते का?’ (पीएचपी ही अनेक साइट ज्यावर चालतात ती प्रोग्रॅमिंग भाषा.) उत्तर किती वेळात येते आणि ते विचारलेल्या प्रश्नाचेच आहे का, हे पाहावे. साइट आणि वाचक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागणाऱ्या कंपनीला साध्या साइटसाठी सरळ नकार द्यावा, कारण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते 2015 सालापासून विनामूल्य देते.

बॅकअपच्या बाबतीत कोणावरही विसंबू नये. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. त्यामुळे कंपनीचा रोजचा बॅकअप असला, तरी आठवड्यातून एकदा फायली आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, आणि ती प्रत पुन्हा चढवून साइट खरोखर उभी राहते का, हे एकदा करून पाहावे.

पुढे कधी होस्टिंग बदलायची वेळ आली, तर एक-दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे याच्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे इतर संगणक जुनी नोंद जितका वेळ धरून ठेवतात तो काळ, कमी करावा, नव्या जागी साइट चढवून तपासावी, मगच नेमसर्व्हर बदलावेत. जुन्या कंपनीकडचे ईमेल आधी उतरवून घ्यावेत आणि तिथले खाते आणखी किमान आठवडाभर चालू ठेवावे.