कळलावीच्या वाटेला जाताना या चुका टाळा

जुलै ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या घाटवाटांवर, कोकणातल्या कुंपणांवर कळलावीची वेल फुलते. सहा नागमोडी पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक. म्हणूनच संस्कृतात ती अग्निशिखा. कंद उगाळून बाळंतिणीच्या तळपायांना, बेंबीभोवती लावला की कळा येतात, या जुन्या वापरातून मराठी नाव आलं. घरात लावली तर भांडणं लागतात, असाही समज आहे. भांडणांचं सोडा, धाक धरायचा तो कंदाचा आणि बियांचा.

पहिला घोळ नावाचा. कळलावीला काही भागांत खड्यानाग म्हणतात, आणि बचनागसुद्धा. खरा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातली निळ्या-जांभळ्या फुलांची वेगळीच वनस्पती. त्याचं विष थोड्याच वेळात तोंडाला बधिरपणा आणतं आणि हृदयाची लय बिघडवतं. कळलावीचं विष उशिरा चढतं. उपचार वेगळे असल्याने डॉक्टरांना नुसतं ‘बचनाग खाल्ला’ सांगणं घातक ठरू शकतं. वाघनखी या नावाचीही तीच गत: गुलाबीसर फुलांच्या, आकडेदार फळाच्या विंचवीलाही वाघनखीच म्हणतात.

म्हणून नावावर विसंबू नका, पान पाहा. कळलावीच्या पानाचं टोक लांबत जाऊन तणाव्यासारखं वळतं आणि आधाराला पकडतं. फुलातल्या स्त्रीकेसराची दांडी (कुक्षीवृंत) तळाशीच जवळजवळ काटकोनात बाजूला वळलेली असते. अडचण उन्हाळ्यात येते, कारण वेल वाळून गेलेली असते आणि जमिनीत फक्त कंद उरतो. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा नांगरासारखा दिसतो, त्यावरून लांगली हे नाव. पण तुटलेला तुकडा रताळ्यासारखा दिसतो, आणि रताळं समजून खाल्ल्याने श्रीलंकेत विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. वर वेल दिसत नसेल तर अनोळखी कंद काढून खाऊ नका.

‘उकडला की विष जातं’ हे कडूकंद या रानकंदाच्या अनुभवावरून आलेलं गणित इथे चालत नाही. कळलावीतलं मुख्य विष कोल्चिसिन शिजवल्याने नष्ट होत नाही. १० ग्रॅम कंदात ते साधारण ६ मिलिग्रॅम धरलं जातं, पण कंदागणिक प्रमाण बदलतं. बियांत ते आणखी जास्त. गाऊट या सांधेदुखीच्या आजारावर डॉक्टर देतात ती कोल्चिसिनची गोळी ०.५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे १० ग्रॅमचा तुकडा सुमारे १२ गोळ्यांएवढा. ‘चिमूटभर’ हे माप इथे कामाचं नाही.

आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, घातलं आहे आणि वापराआधी गोमूत्रात भिजवून शोधन (शुद्धीकरण) सांगितलं आहे. ते वाचून घरी करायला जाऊ नका. भिजवलेल्या कंदात किती विष उरलं हे वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. औषधनियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीतही लांगली आहे, आणि असं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं असतं. गरोदरपणात तर लेपही नको. बाळंतपणासाठी दवाखाना गाठा. साप चावल्यावर कंद उगाळत बसण्यात जातो तो वेळ प्रतिविषाचा असतो.

पोटात गेलंच तर सर्वांत मोठी चूक पुढची: उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, कधी तर दिवसभराने. घरचे ‘पोट बिघडलं’ म्हणून लिंबू-सरबतावर भागवतात. मध्येच बरं वाटतं, तेवढ्यात मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा यांवर परिणाम सुरू झालेला असतो. एक-दोन आठवड्यांनी केस गळतात. लक्षणांची वाट पाहू नका, १०८ला फोन करा, सोबत वेलीचा किंवा कंदाचा तुकडा न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका.

कोकणात कळलावीला ‘गौरीचे हात’ म्हणतात. फुलं सजावटीला हवीत तर नैवेद्याच्या पानापासून दूर ठेवा, हाताळल्यावर साबणाने हात धुवा. निर्माल्य गोठ्याकडे टाकू नका, गुरं खातात.

कुंडीत लावायची असेल तर रोपवाटिकेतून कंद घ्या, घाटातून उपटून आणू नका. बहुतेकांचा कंद फुटत नाही तो टोक मोडल्याने. कोंब कंदाच्या टोकाशीच असतो आणि तो फार ठिसूळ असतो. मे अखेरीस हातमोजे घालून कंद आडवा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल ठेवा. कुंडी बारा इंची, पाणी झटकन निघणारी. काठीपेक्षा बारीक जाळी बरी, पानांच्या टोकांना जाड काठी पकडता येत नाही. ऑक्टोबरनंतर वेल पिवळी पडली की ‘मेली’ म्हणून पाणी ओतत राहणं हीच कंद कुजवायची हमखास रीत. पाणी बंद करा आणि कुंडी कोरडी ठेवा. बियांपासून लावलेल्या रोपाला फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. घरात लहान मुलं असतील तर फळं हिरवी असतानाच खुडा. पिकून तडकली की आतल्या लाल-केशरी बिया खाऊच्या गोळ्यांसारख्या दिसतात.