बंद पडलेले वनसंशोधन केंद्र पुन्हा सुरू करताना : यांगाम्बीचा वस्तुपाठ

उष्ण कटिबंधातील एखादे जुने वनसंशोधन केंद्र पुन्हा कामाला लावायचे असेल, तर पहिला खर्च इमारतींवर करू नये. तो जुन्या नोंदींवर करावा. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील यांगाम्बी केंद्राचा इतिहास पाहिला की हा आग्रह का धरावा ते समजते. किसनगानीच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, काँगो नदीच्या काठी असलेले हे केंद्र बेल्जियन राजवटीत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या कृषिसंशोधन संस्थेचे मुख्य ठाणे होते. भारतासह जगभर लावल्या जाणाऱ्या टेनेरा तेलताडाची (पातळ कवचाची, अधिक तेल देणारी फळे येणाऱ्या प्रकाराची) आनुवंशिकता बेयरनार्ट आणि व्हान्डरवेयेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये येथील संशोधनातूनच मांडली. १९६० च्या स्वातंत्र्यानंतर बेल्जियन शास्त्रज्ञ गेले, पुढे युद्धे झाली आणि निधी आटला. तरीही सुमारे दीड लाख वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह शिल्लक राहिला, याचे श्रेय स्थानिक कर्मचाऱ्यांचे आहे.

म्हणून सर्वप्रथम त्या केंद्रात आयुष्य घालवलेल्या माणसांना शोधावे. झाडांच्या मोजणीसाठी आखलेला कोणता भूखंड कुठे होता आणि कोणत्या कपाटात कोणत्या वह्या आहेत, हे बहुधा नकाशापेक्षा त्यांनाच नेमके ठाऊक असते. त्यांना सन्मानाने आणि मानधन देऊन कामात घ्यावे.

त्यानंतर कागदपत्रांना हात घालावा. प्रत्येक पान मूळ क्रम न मोडता छायाचित्रित करावे, मगच त्यातील आकडे संगणकात उतरवावेत. यांगाम्बीत १९३७ ते १९५८ या काळात सुमारे दोन हजार झाडांची पालवी, फुलोरा, फळे आणि पानगळ यांच्या नोंदी नियमितपणे ठेवल्या गेल्या होत्या. त्यांचे तक्ते हस्तलिखित असल्याने ‘जंगल ऱ्हिदम्स’ या उपक्रमाद्वारे जगभरच्या स्वयंसेवकांकडून ते वाचून घेण्यात आले. अशा कामात एकच पान अनेकांकडून स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे आणि उत्तरे ताडून पाहावीत. वाळवलेले नमुने हाताळताना मात्र हातमोजे अवश्य घालावेत, कारण कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याचे विषारी क्षार लावण्याची पद्धत होती.

तिसरे काम प्रत्यक्ष रानातले, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. जुने भूखंड, झाडांवरचे क्रमांकाचे पत्रे आणि खिळे शोधून काढावेत. गंजलेला खिळा उपटू नये. काँगोतीलच लुकी येथे १९४८ मध्ये झाडांना ठोकलेल्या खिळ्यांमुळे खोडात त्या वर्षाची खूण राहिली आणि त्यानंतर खोड किती वाढले हे अनेक दशकांनी मोजता आले. उंच झाडांच्या दाट छत्राखालची झाडे किती सावकाश वाढतात आणि कार्बन किती दीर्घकाळ धरून ठेवतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुनर्मोजणी करताना खोडाचा घेर जुन्याच उंचीवर घ्यावा. आज जगभर १.३ मीटर ही उंची रूढ असली, तरी भारतीय वनखात्याच्या जुन्या नोंदी बहुधा १.३७ मीटरवरच्या असतात. हा फरक दुर्लक्षिला तर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना सदोष ठरते.

हा पाया तयार झाल्यावरच महागडी उपकरणे आणावीत. यांगाम्बीत २०२० मध्ये ५५ मीटर उंचीचा मनोरा कार्यान्वित झाला. त्यावरील उपकरणे हवेचे उभे झोत आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सेकंदाला अनेकदा मोजतात, त्यामुळे अरण्य किती कार्बन शोषते आणि किती सोडते याचा हिशेब लागतो. असा मनोरा उभारण्यापूर्वी अखंड वीज, सुटे भाग आणि तेथेच राहणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची तरतूद करावी. किसनगानी विद्यापीठात वनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण उभे करण्यावर भर दिला गेला, तो याच कारणासाठी योग्य होता.

आसपासच्या गावांची सरपणाची गरज अरण्यावरच भागत असेल, तर राखीव क्षेत्राबाहेर जलद वाढणाऱ्या झाडांची लागवड आराखड्यातच धरावी. परदेशी संस्थांशी करार करताना नमुन्यांचा एक संच आणि आकडेवारीची पूर्ण प्रत केंद्रातच राहील, तसेच स्थानिक संशोधकांची नावे शोधनिबंधांत लेखक म्हणून येतील, या दोन अटी पहिल्याच मसुद्यात लिहून घ्याव्यात.